आमच्या भायांची तिकडची बोली

अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात समुद्रातली भाषा बोलणारा एकच माणूस आहे, आणि तो आमच्या ओसरीवर राहतो. हे मी फुशारकी म्हणून लिहीत नाही. कुणाला खोटं वाटत असेल तर त्याने आमच्या गावी, साखऱ्याला उतरावं आणि दिसेल त्याला "जहाजवाल्यांचं घर कुठं?" एवढंच विचारावं. शाळेतलं लेकरूसुद्धा हाताला धरून आमच्या दारात आणून सोडेल आणि वर विचारेल, "तुमाला बी म्हशीचं बोलणं शिकायचंय का?" म्हशीचं का म्हणतात, ते पुढं येईलच. तर हा माणूस म्हणजे माझ्या मालकांचे थोरले भाऊ. आमच्याकडे नवऱ्याच्या थोरल्या भावाला भाया म्हणतात. मी चौथीपर्यंत शिकलेली, मला लिहायची सवय नाही. पण भायांबद्दल कुणीतरी लिहायला पाहिजे, आणि मालकांना शेतातून सवड नाही, म्हणून मीच बसले.

भाया तरुणपणी घरातून निघून मुंबईला गेले. तिथल्या एका खानावळीतून कसे कोण जाणे, ते मालवाहू जहाजाच्या स्वयंपाकघरात जाऊन पोचले. कांदे सोलायचे, भांडी घासायची, पुढं पुढं भात शिजवायचा. जहाजावर नाना देशांचे खलाशी. भायांना इंग्रजी येत नव्हतं आणि मराठी-हिंदी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. त्यांच्यासारखाच एकटा पडलेला आणखी एक गडी तिथं होता, फार लांबच्या समुद्रातल्या एका एवढ्याशा बेटावरचा. ते बेट म्हणजे पाण्यात ठेवलेली बांगडी, असं भाया सांगतात. बांगडीच्या कडेएवढीच जमीन, आत शांत उथळ पाणी आणि बाहेर नजर पोचेल तिथपर्यंत समुद्र. माणसं आपल्या साखऱ्याहून कमी. पण त्या एवढ्याशा माणसांची स्वतःची बोली आहे, आणि ती शेजारच्या बेटावरच्यालाही निम्मीच कळते. तिची पुस्तकं नाहीत, ती शाळेत शिकवत नाहीत, बाहेरचा कुणी ती शिकायलाही फारसा गेलेला नाही. दोघं एकटे एकमेकांना धरून राहिले. मग एका सुट्टीत भाया त्या मित्राबरोबर त्याच्या बेटावर गेले, चार दिवस राहून येऊ म्हणून. परत नेणारी बोट बिघडली. दुसरी यायला इतके महिने लागले की तोवर भाया नारळावर चढायला, जाळं फेकायला आणि ती बोली बोलायला शिकून बसले होते. "बोट आलेली दिसली तव्हा सगळे नाचले," ते सांगतात, "अन् मला वाटलं, काहून आली ही बया?"

पुढं सासरे वारले आणि भाया गावाकडे आले ते कायमचे. लग्न केलं नाही. समुद्र तेवढा बरोबर घेऊन आले. साखऱ्याला विहिरीत पाणी टिकत नाही, नदीला पावसाळ्यापुरती ओल, पण भाया रोज सकाळी माळवदावर चढून बोट ओलं करून हवेत धरतात आणि वाऱ्याचा अंदाज सांगतात. "आज वारं बरं न्हाई. कुणी बाहेर जाऊ नका." मालक बैलाला वैरण टाकता टाकता म्हणतात, "दादा, मला तुरीत जायचंय, समुद्रात न्हाई." भाया म्हणतात, "तरी बी." तरी मालक जातात. संध्याकाळी परत आले की भाया त्यांच्याकडे असं बघतात, जणू बुडता बुडता वाचून आलेला माणूस.

गाठींचं तर विचारूच नका. जहाजावर शिकलेल्या गाठी भाया बैलाच्या दाव्यापासून पिठाच्या पिशवीपर्यंत सगळीकडे मारतात. त्या ओढू तितक्या आवळतात, आणि सोडायची युक्ती फक्त भायांना ठाऊक. एकदा गावात लग्नाचा मांडव बांधायला माणसं कमी पडली, भाया आपण होऊन गेले. लग्न झालं, नवरी सासरी गेली, पाहुणे पांगले, मांडव काही सुटेना. मांडववाला सकाळपासून दोऱ्यांशी झटत होता. शेवटी त्याने विळा मागितला तेव्हा भायांनी त्याचा हातच धरला. "दोरी कापतो? जहाजावर दोरी कापणाऱ्याला समुद्रात टाकून देत होते." मांडववाला म्हणाला, "टाका बाबा, पन दुपारच्याला दुसऱ्या गावात मांडव हाये." मग भायांनी एकेक गाठ बोटाने टिचकी मारल्यासारखी सोडून दिली, आणि त्या माणसाला इतकं नवल वाटलं की तो दुसऱ्या गावाचं विसरून शिकत बसला.

नारळाची गोष्ट थोडी दुःखाची आहे. काळ्या चिकण मातीत नारळ येत नाही हे गावातल्या सगळ्यांना कळतं. भायांनाही कळतं. पण मारुतीपुढे फुटायला आलेल्या नारळातून ते दर वर्षी एक निवडतात, कानाशी हलवून बघतात आणि आमच्या न्हाणीमागे पुरतात. त्याला पाणी घालताना त्यात चिमूटभर मीठ टाकतात, त्याला घरच्यासारखं वाटावं म्हणून. कोंब येतो, दोन पानं येतात, आणि उन्हाळ्यात ती पिवळी पडतात. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, "अहो, त्याला मीठ घालता तर चटणी बी घाला, भाकरीसंगं खाऊन टाकू." भाया हसले नाहीत. म्हणाले, "त्याला कंटाळा येतो इथं. बोलायला कोण हाये त्याला?"

त्यांनाही बोलायला कुणी नव्हतं, म्हणून ते म्हशीशी बोलायचे. गल्लीतल्या पोरांना त्यांनी ती बोली शिकवून बघितली. पोरं गोट्या खेळताना आकडे त्या बोलीत मोजायला शिकली, ताहाय, लुआ, तोलू करत, आणि खेळ बदलला तशी विसरूनही गेली. म्हैस मात्र राहिली. भाया म्हणायचे, "तिला दोनी बोल्या सारख्याच. ती कुठं मराठी शाळेत गेली होती?" रेडकू होती तेव्हापासून तिने धार काढताना तीच बोली ऐकलेली. एका वर्षी ती म्हैस पुसेगावच्या एका गड्याला विकली, तर थोड्याच दिवसांत तो घाम पुसत दारात. "मालक, म्हैस वापस घ्या, न्हाईतर तुमी तिला काय म्हणता ते मला शिकवा. पान्हाच सोडून न्हाई राहिली. माझी बायको म्हणती, मुकी म्हैस आणली, अन् म्हैस म्हणत असंल, मुका मालक भेटला." भायांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "बस खाली. पयले चहा घे." मग दिवस मावळेपर्यंत तो गडी अंगणात बसून शब्द घोकत होता. जाताना वाटेत विसरू नये म्हणून मोठ्याने म्हणत गेला, आणि गावची कुत्री त्याच्या मागे. तिची रेडी आमच्याकडेच राहिली होती, पुढं भाया तिच्याशी बोलायला लागले. तेव्हापासून आमच्या गल्लीत त्या बोलीला म्हशीचं बोलणं म्हणतात. भाया तिला कधी नाव देत नाहीत. नुसतं "तिकडची बोली" म्हणतात.

आता एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, "भायासमोर डोक्यावरचा पदर पडू द्यायचा न्हाई, अन् त्यांच्याशी बोलायचं न्हाई." आमच्याकडे ही रीत आहे. मला ती जड गेली नाही, कारण मला कुणाशीच फार बोलता येत नाही. भायांनीही ती काटेकोर पाळली. त्यांना चहा हवा असला तर ते ओसरीच्या खांबाकडे बघून म्हणायचे, "चहा मिळंल का म्हणावं." मी आतून चुलीकडे बघून म्हणायची, "आधण ठेवलंय म्हणावं." मधे निरोप न्यायला कुणीही नाही. एकदा मालकांचे एक पाहुणे आले होते, त्यांनी उठून खांबामागे वाकून बघितलं. शेजारच्या काकू तर नेहमी म्हणायच्या, "बाई, तुमचा खांब लई शहाणा हाये. दोघांचं बी ऐकतो अन् चुगली करत न्हाई." भायांना या रीतीचा अभिमानच होता. "तिकडं बी असंच हाये," ते मालकांना सांगायचे. "बायकोच्या भावासमोर मोठ्यानं हसत न्हाईत. काही नात्यात तर तोंडावर बोलतच न्हाईत. माणसाला कुणाची तरी भीड लागतीच."

पण कानाला रीत नसते. मी चुलीपाशी भाकरी थापायची आणि भाया गोठ्यात बोलत असायचे. वर्षानुवर्षं. त्यातलं काय कधी मला कळायला लागलं ते माझं मलाही ठाऊक नाही. एकदा अंगणात तूर वाळत घातली होती. भाया म्हशीला सांगत होते की वारा फिरला, मातांगी म्हणजे वारा, आता उआ येणार, उआ म्हणजे पाऊस, आणि या घरात कुणाचं लक्ष नाही. मी उठले, तूर गोळा केली आणि आत नेली. मागून थेंब पडायला लागले. वळून बघते तर भाया गोठ्याच्या दारात उभे. एकदा माझ्याकडे बघतात, एकदा म्हशीकडे, जणू तिनेच मला सांगितलं.

त्या दिवशी ते भराभर जेवले. मग ताट सरकवून मालकांना म्हणाले, "आईनं हिला माझ्याशी बोलू नको म्हणलं, ते मराठीत म्हणलं. बराबर?"

मालक म्हणाले, "बराबर."

"म्हंजे मराठीत बोलायचं न्हाई. दुसऱ्या बोलीबद्दल ती काही म्हणली व्हती का?"

"दादा, आईला दुसरी बोली कुठं ठाऊक व्हती?"

"मंग झालं तर," भाया म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

असं आमचं बोलणं सुरू झालं. मराठीत खांब मधे, आणि तिकडच्या बोलीत समोरासमोर. ऊन, भूक, दमणूक, झोप, आज कोणता तारा आधी उगवला, असं साधंच. पुढं पुढं ते मला तिकडच्या बायकांचं सांगायचे, पानांच्या चटया विणताना त्या कशा एकमेकींची चेष्टा करतात ते. मी त्यांना माझ्या माहेरचं सांगितलं, जे मी मालकांनाही कधी सांगितलं नव्हतं. माझं काही चुकलं तर भाया मला टोकायचे नाहीत. ते म्हशीकडे वळून तेच वाक्य बरोबर करून म्हणायचे, आणि म्हैस कान हलवायची. मला तिचा रागच यायचा. एकदा मी विचारलं, तो मित्र आता कुठं असेल? ठाऊक नव्हतं त्यांना. तिकडची तरणी पोरं मोठ्या शहरांत निघून जातात आणि तिथलीच भाषा बोलतात, एवढं ते म्हणाले. मग मराठीत, खांबाला म्हणाले, "बोली दुभत्या जनावरावानी असती म्हणावं. रोज पिळली न्हाई तर आटून जाती."

मागच्या थंडीत भायांना लकवा मारला. सकाळी माळवदावरून उतरताना ते पायरीवरच बसले आणि उठेनात. उजवा हात लुळा पडला, तोंड एका बाजूला गेलं आणि वाचा गेली. मालक आणि शेजारचे त्यांना जीपमध्ये घालून हिंगोलीच्या दवाखान्यात घेऊन गेले. मी जनावरांपाशी घरी राहिले. रोज निरोप यायचा की जिवाला धोका नाही, पण काही बोलतात ते कळत नाही, अन्नाला तोंड लावत नाहीत, ताट ढकलून देतात. बघायला गेलेले पाहुणे परत येऊन सांगायचे, "बुद्धी गेली. आता न्हाई हा माणूस माणसात येत." काकूंना म्हशीच्या धारेला बसवून शेवटी मी एक दिवस भाकरी बांधून निघाले.

मी खाटेच्या पायथ्याशी उभी राहिले तेव्हा डॉक्टरीणबाई भायांना तपासत होत्या. वयाने लहान, पण बोलायला फार शांत. त्यांनी मालकांना विचारलं, "यांना मराठीशिवाय दुसरी कुठली भाषा येते का? कधीकधी असं होतं. एक भाषा मागं राहते आणि दुसरी आधी परत येते."

मालक म्हणाले, "येती की. पण ती इकडं कुणाला कळत न्हाई, मॅडम. घरी म्हैस हाये, तिला कळती."

शेजारच्या खाटांवरचे सगळे हसले. मालक हसत नव्हते. त्यांचे डोळे जागून लाल झाले होते. तेवढ्यात भायांनी परत तेच म्हटलं, जे ते म्हणे कधीपासून म्हणत होते. शब्द तुटके होते, निम्मे ओठांतून निसटत होते. पण ती बडबड नव्हती. मी पदर पुढं ओढला आणि मालकांना हळूच म्हणाले, "त्यांना अळणी जात नाही. मीठ मागून राहिलेत."

डॉक्टरीणबाई एकदम वळल्या. "तुम्हाला कळलं? मग बोला ना त्यांच्याशी! बोला, बोला."

त्या खोलीत किती माणसं होती! बहुतेक पुरुषमाणसं, आणि सगळी माझ्याकडे बघत होती. पण भाया माझ्याकडे बघत होते ते असे, की बोट लांबून जाताना दिसावी आणि हाक पोचेल की नाही ते कळू नये. मी त्या बोलीत म्हणाले, मी आले आहे, मला कळतंय.

मग जे सुरू झालं! एका श्वासात, अर्ध्या तोंडाने, त्यांनी इतक्या दिवसांचं सगळं काढलं. पेज अळणी आहे. पलीकडचा माणूस रात्रभर घोरतो. म्हशीला कोण पिळतंय? मालक रडतात, ते बघवत नाही असं त्यांना सांग. नारळाला पाणी घातलं का? मी एकेक मालकांना सांगत गेले, आणि मालक भावाचा चांगला हात धरून रडताना हसायला लागले. पलीकडच्या खाटेपाशी बसलेली एक म्हातारी माझ्या जवळ आली आणि कानात म्हणाली, "बाई, हा कोणता मंत्र व्हय? माझ्या मालकावर बी टाका की जरा." तिचा मालक म्हणजे तोच घोरणारा.

मिठाचं मात्र जमलं नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मीठ कमीच. ते भायांना सांगायचं माझ्यावर आलं. भायांना नाही म्हणायची ती माझी पहिलीच वेळ. ते ऐकून रुसले आणि त्या बोलीत म्हणाले, खांबाने मला कधी नाही म्हटलं नव्हतं.

घरी पाठवताना डॉक्टरीणबाईंनी आम्हाला काम लावून दिलं. जो शब्द त्यांना तिकडच्या बोलीत येतो, तो आधी तसा म्हणायचा, आणि लगेच मराठीत म्हणून त्यांच्याकडून वदवून घ्यायचा. पहिले काही महिनेच महत्त्वाचे, त्यात मराठी परत आली तर आली. नाहीतर हा माणूस आपल्याच गावात, आपल्याच भावाशी, जन्मभर माझ्या तोंडून बोलणार. हे ऐकायला सोपं वाटतं. पण आमची अडचण डॉक्टरीणबाईंना कुठून कळणार? तिकडचा शब्द मी म्हणू शकत होते. मराठी शब्द भायांच्या तोंडावर कसा म्हणायचा? म्हणून मराठीचं काम काकूंनी घेतलं. ओसरीवर भाया बाजेवर, एका बाजूला मी, एका बाजूला काकू. मी म्हणायची, "मोए." काकू म्हणायच्या, "झोप." मी म्हणायची, "ईका." काकू म्हणायच्या, "मासा." भाया काकूंच्या मागून कसाबसा शब्द उचलायचे. काकू काही डॉक्टरीणबाईंसारख्या शांत नव्हत्या. "अहो जहाजवाले, तोंड उघडा की नीट. तिकडं समुद्राची चूळ भरून बसत होता का काय?" गल्लीतल्या बायका धुणं घेऊन मुद्दाम आमच्या ओसरीवरून जायला लागल्या. पण काकू थांबल्या की भायांची मराठी थांबायची. म्हणून दाखवायचे, आपण होऊन एक शब्द काढायचे नाहीत. हळूहळू ते तोंड फिरवायला लागले. मालक शेतातून आले की बाजेजवळ बसून विचारायचे, "दादा, काही तरी बोल की माझ्याशी." भाया डोळे मिटून घ्यायचे.

मग काकू लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. मालक शेतात. दुपार कलली होती. भाया बाजेवर बसून होते आणि मी तांदूळ निवडत होते. अचानक त्यांनी मान वर केली, हवेत हुंगलं, आणि हात हलवायला लागले. त्यांना काहीतरी हवं होतं. त्या बोलीत त्यांनी सुरुवात केली आणि अडले. परत सुरुवात केली, परत अडले. चांगल्या हाताने तळहातावर काहीतरी चोळल्यासारखं करायचे, फुंकर मारायचे, माझ्याकडे बघायचे. मी एकेक विचारत गेले. भूक? पाणी? विस्तव? प्रत्येकाला मानेनेच नाही. चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं, बाजेवर मूठ आपटली. तेवढ्यात वाऱ्याबरोबर मलाही तो वास आला. पलीकडच्या शेतात कुणीतरी गोवऱ्यांच्या आरावर ज्वारीची कोवळी कणसं भाजत होतं.

आता त्या बांगडीएवढ्या बेटावर ज्वारी कुठली? तिकडच्या बोलीत त्याला शब्द नव्हताच. भाया जो शब्द त्या बोलीत शोधत होते तो तिथं मिळणारच नव्हता. तो मराठीतच होता आणि तो द्यायला माझ्याशिवाय तिथं कुणी नव्हतं. मी खांबाकडे बघितलं. सुपावरून हात काढला. आणि भायांकडे बघून म्हणाले, "हुरडा."

भाया थांबले. ओठ हलले. "हु..." म्हणाले. परत, "हुर..." आणि मग एकदम, जसा त्यांच्या गाठीचा दोर टिचकीसरशी सुटतो तसं, "हुरडा! हुरडा पायजे मला."

तीन शब्द, आणि तिन्ही त्यांचे. मागचे दोन तर मी म्हटलेही नव्हते. मला हसावं की रडावं कळेना. मी पदर सावरला, आणि भाया इतके लाजले की खांबाकडेच बघत बसले. मी धावत जाऊन त्या शेतकऱ्याकडून ओटीभर कणसं मागून आणली. संध्याकाळी मालक आले, तर भाया मांडीवर हुरडा घेऊन बसलेले. मालकांना बघून म्हणाले, "बस. खा." मालक तिथंच उंबऱ्यावर खाली बसले, पाय धुवायचंही राहिलं. काकूंना फोनवर कळवलं तेव्हा त्या ओरडल्याच, "माझा घसा कोरडा पडला पानी-भात-झोप करून, अन् हा गडी हुरड्याला बोलला व्हय!"

तेव्हापासून मराठी येते आहे. घाई करत नाही, पण येते आहे. अडली की मधे तिकडचा शब्द येऊन बसतो, आणि आमच्या गल्लीत आता निम्म्या बायकांना तो कळतो. हात अजून पुरता चालत नाही. काठी घेऊन ते माळवदाच्या पायरीपर्यंत जातात आणि तिथूनच बोट हवेत धरतात. आमच्या दोघांच्या बोलण्याला त्यांनी नवा नियम घातला आहे. ज्याला तिकडं शब्द आहे ते तिकडच्या बोलीत, आणि ज्याला तिकडं शब्द नाही तेवढंच मराठीत. त्यामुळे वारा, भूक आणि चांदणं आम्ही त्या बोलीत बोलतो, आणि भाकरी, हरभरा, हळद, कडबा मराठीत. सासूबाई असत्या तर त्यांनी काय म्हटलं असतं ठाऊक नाही. भाया म्हणतात, "आईला मी समजावलं असतं."

परवा संध्याकाळी आभाळ भरून आलं आणि चार गारा पडल्या. हरभरा काढून गंजी घातलेली होती, ती मालकांनी ताडपत्रीने झाकली, त्यामुळे फार भीती नव्हती. भाया अंगणात गेले, वाकून एक गार उचलली आणि ती लुळ्या हाताच्या तळव्यावर ठेवली. बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "गार लागतंय." त्या हाताला काही लागतंय, असं ते पहिल्यांदाच म्हणाले होते. मी काही बोलायच्या आत त्यांचं दुसरंच सुरू झालं. तिकडं गारा कधी पडत नाहीत, तर गारेला शब्द नाही. पण असायला पाहिजे. तिकडची पोरं गेली, म्हातारे थकले, तिथं नवे शब्द कोण करणार? आपण दोघं तर आहोत. मी म्हणाले, पावसाचा दगड म्हणावं का, फातू उआ? त्यांनी तोंडात घोळवून बघितलं. म्हणाले, जड होतोय, तिकडची माणसं हसतील. मी दुसरा सांगितला, त्यांनी तिसरा सांगितला. ती माणसं आम्हाला कधी भेटणार नाहीत आणि आमचा शब्द त्यांना कधी ऐकू जाणार नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, पण आम्ही त्यांना हसू येणार नाही असा शब्द शोधत होतो. तोवर गार विरघळून गेली.

भायांनी रिकामा तळहात बघितला आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. पुढच्या साली पडंल तव्हा ठरवू."

शेतकऱ्याच्या घरात पुढच्या साली गारा पडाव्यात असं कुणी म्हणत नाही. मी ताडपत्रीखालच्या गंजीकडे बघितलं, मग त्यांच्या ओल्या हाताकडे बघितलं, आणि त्यांच्या बोलीत हळूच म्हणाले, पडू देत, पण थोड्याच.